डावा हात कच्चा

आमच्या पथकाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की चार जण फॉर्म मागायला येतात, पांढरा झब्बा शिवून घेतात, फोटो काढतात आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून घरी बसतात. तेव्हा नाव राहू द्या. शनिवार पेठेतल्या आम्ही काही रिकामटेकड्यांनी शहाऐंशी साली हे ढोल-ताशांचं पथक काढलं. मी शाळेत पी.टी.चा मास्तर, ताशा बरा वाजवायचो, म्हणून ताशाची रांग माझ्याकडे आली आणि पुढं अठ्ठावीस वर्षं माझ्याकडेच राहिली. मला तोंडावर सगळे सर म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते फारसं चुकीचं नाही.

मैनाबाई आल्या त्या दोन हजार नऊच्या जूनमध्ये. नदीपात्रात पत्र्याच्या शेडमध्ये आमचा सराव चालतो, संध्याकाळी सहा ते साडेआठ. त्या दिवशी कॉलेजातली पंचवीस-तीस पोरं-पोरी फॉर्म भरायला उभी होती आणि त्यांच्यात खाकी कपड्यांतली एक बाई, खांद्याला कंडक्टरची चामडी पिशवी. मला वाटलं, पोराला न्यायला आली असेल.

"मुलगा कुठंय तुमचा?" मी विचारलं.

"घरी. सातवीत हाय. का?"

"मग हा फॉर्म कुणाचा?"

"माझा."

वय चौतीस. माहेर मांजरीचं, सासर वारज्याचं, नोकरी बसमध्ये कंडक्टर. 'कोणतं वाद्य वाजवू इच्छिता' या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं होतं, ताशा.

"बाई, ध्वज घ्या," मी म्हणालो. "ध्वजाला वयाची अट नाही. ताशाच कशाला?"

"सर, दर वर्षी इसर्जनाला आमची बस अडकती. मागल्या वर्षी दोन तास फूटबोर्डावर उभी होते. समोरनं एक पथक गेलं. पुढं एक बाई ताशा वाजवत होती. तिनं काडी उचलली की साठ ढोल उठायचे, तिनं थांबवलं की साठच्या साठ गप. माझ्या घंटीवर एक बस थांबती, ती बी डायव्हरच्या मनात असलं तर."

मला हसू आलं होतं, पण मी हसलो नाही. मी सहसा हसत नाही. फॉर्म तेवढा ठेवून घेतला.

ज्यांनी मिरवणूक फक्त फोनमध्ये पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अनंत चतुर्दशीला आमचे साठ ढोल निघतात आणि त्यांच्यापुढे बारा ताशे. ढोल खांद्याच्या ताकदीवर वाजतो. ताशा लहान असतो, भांड्यावर पान ताणून बसवलेलं, पोटाशी बांधायचा आणि दोन बारीक काड्यांनी वाजवायचा. दोन्ही काड्यांची न तुटणारी जी सर पडते तिला तर्री म्हणतात, आणि बारा जणांची तर्री एकाच माणसाची वाटली पाहिजे. उजवा हात काय, कुणाचाही चालतो. वादक ओळखायचा तो डाव्यावर. आणि शेवटी शिट्टी. शिट्टी झाली की बहात्तरच्या बहात्तर जागच्या जागी गप्प. एक काडी जरी पुढं पडली तरी वरच्या गॅलऱ्यांतून लोक हसतात. आपल्याकडे निम्मे लोक मिरवणुकीला हसायलाच उभे असतात.

तर जागा बारा. त्यातलं कुणी परगावी नोकरीला गेलं, कुणाचं लग्न झालं, की जागा रिकामी होणार. मग गणपती बसायच्या पंधरा दिवस आधी निवड. निवड मी करायचो, एकटा, आणि त्यावर अपील नसायचं.

नव्या माणसाला आम्ही लगेच ताशा देत नाही. आधी महिनाभर फरशीच्या तुकड्यावर काड्या आपटायच्या. पोरं चार दिवसांत कंटाळतात आणि ढोलाकडे पळतात, तिकडे धुमाकूळ घालता येतो ना. मैनाबाई फरशीवर अडीच महिने बसल्या. पहाटेची पाळी करून दुपारी दोनला सुटायच्या, वारज्याला जाऊन घरचं सगळं उरकायच्या आणि सहाच्या ठोक्याला शेडमध्ये हजर. फरशीचा तुकडा पिशवीत, तिकिटांच्या शेजारी. शेवटच्या थांब्यावर बस उभी असली की मागच्या सीटवर बसून पाच मिनिटं काड्या चालायच्या. त्यांचा ड्रायव्हर म्हणायचा, "मैनाबाई, माझा पत्रा निखळंल बरं का!"

पहिल्या वर्षी त्या विसर्जनाला ध्वज घेऊन चालल्या. दुसऱ्या वर्षी वादकांना पाणी देत चालल्या, आठ तास. दोन्ही वर्षी निवडीच्या दिवशी मी एकच वाक्य बोललो होतो, "डावा हात कच्चा आहे." आणि ते तेव्हा खरंच होतं, शपथेवर सांगतो.

दुसऱ्या वर्षी मी त्यांना पथकाचा एक जुना ताशा घरी न्यायला दिला. आठवड्यानं त्या आल्या. "सर, सोसायटीत बोंब झाली. खालच्या काकू भांडायला वर आल्या. कुठं वाजवू मी?"

मी तेव्हा कुणाचा तरी ताशा आवळत होतो. मान वर न करता म्हणालो, "बाथरूममध्ये वाजवा. दार-खिडकी लावून घ्या. बाहेर आवाज जाणार नाही."

बाहेर नाहीच गेला. चार बाय सहाची खोली, चारी भिंतींना टाइल्स, आणि आत ताशा. बाहेर गेला नाही तर तो आवाज जाणार कुठं, एवढा साधा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. मी पी.टी.चा मास्तर, विज्ञानाचा नव्हे, असं नंतर स्वतःला सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

आणि ते कापसाचं. नवी पोरं कानात कापसाचे बोळे घालून यायची आणि माझं डोकं फिरायचं. अरे, ताशेवाल्याला ढोल ऐकू आला पाहिजे, शेजारच्याची काडी ऐकू आली पाहिजे. कान बंद करून काय वाजवणार, कपाळ? "ज्याला कापूस लागतो त्यानं घरी बसून वाती वळाव्यात," असं मी म्हणायचो आणि शेडभर हशा पिकायचा. पहिल्याच महिन्यात मैनाबाईंच्या कानात मला बोळा दिसला होता. मी ते वाक्य टाकलं. त्यांनी लगेच बोळे काढून पिशवीत टाकले आणि पुन्हा कधी घातले नाहीत. फार ऐकणाऱ्या बाई होत्या. मी सांगितलं की झालं.

आता तिसरं वर्ष. हे मला सांगायला जड जातं, पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

निवडीच्या दिवशी एकेकाला एकटं वाजवायला लावतात. मैनाबाईंनी काड्या हातात घेतल्या, डोळे मिटले आणि तर्री सुरू केली. मी सवयीनं डाव्या हाताकडे बघत होतो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की डावा कुठला आणि उजवा कुठला हे मला नुसतं ऐकून सांगता येणार नाही. दोन मिनिटं झाली, तीन झाली, सर कुठं विरली नाही, कुठं जाड झाली नाही. संभाजी शेजारी उभा होता. हा आमचा ढोलप्रमुख, मूळचा धायरीचा शेतकरी गडी, आता हार्डवेअरचं दुकान आहे. शिट्टी नेहमी त्याच्या गळ्यात. तो माझ्या कानाशी म्हणाला, "सर, बाईचा हात बसला की हो! काय सांडतीया तर्री, तेलाची धार नुसती!"

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि मोठ्यानं म्हणालो, "डावा हात कच्चा आहे. पुढच्या वर्षी बघू."

मैनाबाईंनी मान डोलावली. "व्हय सर," म्हणाल्या आणि ताशा सोडून बाजूला ठेवला. संभाजी माझ्याकडे बघतच राहिला.

"असं का केलंत?" चहाच्या टपरीवर त्यानं मला विचारलं. चांगला तापला होता.

"संभा, कौतुक केलं की मनगट सैल पडतं. आणखी एक वर्ष घासू दे. सोनं होईल बाईंचं."

"आन आता काय पितळ हाय का?"

मी चहाचे पैसे दिले. माझी पद्धतच ती. चाळीस वर्षांत मी कुणाला 'छान' म्हटलेलं नाही. शर्यतीत पहिल्या आलेल्या पोराला मी म्हणायचो, सुरुवात उशिरा केलीस. मला ज्यांनी ताशा शिकवला त्यांनीही मला कधी बरं म्हटलं नाही, मी मेलो नाही त्यानं. आमच्या पेठेत मिसळ आवडली तर लोक 'खाण्यासारखी आहे' म्हणतात आणि दुकानदार त्यावर खूश असतो. त्या वर्षी दोन जागा रिकाम्या होत्या. त्या मी दोन पोरांना दिल्या, ज्यांचे डावे हात खरोखर कच्चे होते. म्हटलं, रांगेत उभे राहिले की सुधारतील.

चौथ्या वर्षी जागाच रिकामी झाली नाही. पाचव्या वर्षी एक झाली, तर हेमा आली होती. इंजिनिअरिंगची पोरगी, हात चलाख, तोंड त्याहून चलाख. दोन वर्षांत ही नोकरी धरून बेंगळुरूला जाणार, मैनाबाई कुठं जातायत, त्या आहेतच, असा हिशेब मी केला आणि हेमाला घेतलं. हक्काच्या माणसाला आपण सगळ्यात शेवटी वाढतो, तसंच. मैनाबाईंना म्हणालो, "डावा हात." पुढचं म्हणायचीही मी तसदी घेतली नाही. त्यांनी घरी जाऊन बाथरूममधला एक तास वाढवून दोन तास केला. हे मला नंतर कळलं.

कळण्यासारखं मात्र आधी बरंच काही होतं. मैनाबाई मोठ्यानं बोलायला लागल्या होत्या. पण कंडक्टरबाई, मोठ्यानंच बोलणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मागून हाक मारली तर वळायच्या नाहीत. मला वाटायचं, नाराज असतील. एकदा त्यांचे यजमान जयसिंगराव शेडवर आले. साधा माणूस, पूर्वी वारज्यात शेती होती, आता एका कंपनीच्या गेटवर असतो. म्हणाला, "सर, हिला घरात हाक मारली तर ऐकत न्हाई. टीव्ही येवढा मोठा लावती की बास. तुमच्या ताशानं येडी केली माझी बायको."

मी म्हणालो, "जयसिंगराव, बायका नवऱ्याची हाक ऐकत नाहीत. त्याला ताशा लागत नाही."

सगळे हसले. तोही बिचारा हसला आणि चहा पिऊन गेला. एवढा हजरजबाबी माणूस मी, जीभ झडली असती त्या दिवशी तर बरं झालं असतं.

दोन हजार चौदाला तीन जागा रिकाम्या झाल्या. मी तेव्हा सहासष्टचा होतो, पाय दुखायला लागले होते आणि हे माझं शेवटचं वर्ष असं ठरवलं होतं. निवडीच्या आदल्या दिवशीच मी खिशातल्या कागदावर नावं लिहिली. पहिलं नाव, मैना. नुसतं रांगेत नाही, रांगेच्या पुढं मध्यभागी, जिथून ढोलांना उठाव द्यायचा तिथं. सहा वर्षं घासलं, आता सोनं झालं, आता दाखवू सगळ्यांना, असं माझ्या डोक्यात होतं. त्यांना अर्थातच काही सांगितलं नाही.

निवडीला साठ ढोल मागं उभे केले, ताशे दोन ओळींत. मी म्हणालो, "मैनाबाई, पुढं या. सगळ्यांच्या पुढं. रांगेकडे पाठ करून उभ्या राहा." त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा काही फुलला की मीच दुसरीकडे बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं असणार की झालं, मिळालं. त्या पुढं आल्या, पदर खोचून घेतला, काड्या उचलल्या, आणि साठ ढोल उठले.

मी अनेक वर्षं ताशा ऐकला आहे. तसा ऐकला नव्हता. त्या आत शिरल्या होत्या, डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. ढोल त्यांना कळत होते, छातीत कळत होते, हे मला आता समजतं. संभाजीनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यानं शिट्टी फुंकली.

साठ ढोल गप्प झाले. अकरा ताशे गप्प झाले. मैनाबाई वाजवत राहिल्या.

त्या शांततेत एकटी त्यांची तर्री पडत होती. मग मागून एक पोरगा हसला, आणखी चार हसले, एकानं टाळी वाजवली, "वा ताई, वन्स मोअर!" संभाजीनं पुन्हा शिट्टी मारली, जोरात. बाई वाजवतच होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, चढली. पुढं उभं केलं तर लगेच डोक्यावर बसली. हेच, हेच म्हणत होतो मी, कौतुक करू नये!

"मैनाबाई, नाटक बंद करा!" मी ओरडलो. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी तरातरा गेलो आणि त्यांचा हात धरला. त्या केवढ्या दचकल्या! एक काडी खाली पडली.

"शिट्टी तुमच्यासाठी नसते का?" मी सगळ्यांसमोर विचारलं. "राणी झालात का इथल्या? एवढी वर्षं शिकवलं ते यासाठी?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मागं वळून रांगेकडे पाहिलं. सगळे थांबलेले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"वाजली?" त्यांनी विचारलं.

कुणीतरी पुन्हा खिदळलं. तेवढ्यात हेमा रांगेतून पुढं आली. "सर, प्लीज ओरडू नका. त्यांना ऐकूच आली नाही. सिरियसली. गेलं वर्षभर मैनाताई माझ्या कोपराकडे बघून थांबतात. मी थांबले की त्या थांबतात. आज तुम्ही त्यांना पुढं उभं केलंत, त्यांना मी दिसलेच नाही."

"तुला माहीत होतं?"

"त्यांनी शपथ घातली होती, सर. सांगितलंस तर सर काढून टाकतील म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि बारीक-मोठे आवाज ऐकवले. ऐकू आलं की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होतो. जाड आवाजाला बाई बटण दाबत होत्या. बारीक आवाज सुरू झाले आणि त्यांचा अंगठा बटणावर नुसता राहिला. त्या डॉक्टरांकडे बघून हसत होत्या, परीक्षेत चांगलं चाललंय असं वाटत असावं त्यांना.

कागदावर रेघ आली ती उजवीकडे पार खाली घसरलेली. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "शिट्टी, पक्षी, लहान मुलांचं बोलणं, हे सगळं गेलंय. काय काम करता?" मग ताशाचं निघालं. "रोज किती वेळ?"

"दोन तास. बाथरूममध्ये."

"दार लावून?"

"व्हय. सरांनीच सांगितलं होतं." त्यांच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. उलट, सांगितल्याप्रमाणे सगळं नीट केलंय, असंच त्या सांगत होत्या. मी खिडकीतून रस्त्याकडे बघत बसलो. डॉक्टर मला म्हणाले की कापसानं फार काही अडलं नसतं, पण कानात घालायची रबरी बुचं औषधाच्या दुकानात मिळतात, साधी गोष्ट आहे, कुणी सांगितली नाही का? गेलेलं परत येत नाही. पुढं वाजवलं तर उरलेलंही जाईल. जोराचा आवाज पूर्ण बंद.

बाहेर आल्यावर पायरीवरच मैनाबाई थांबल्या. "सर, एक मार्ग हाय. मला पुढं नका उभं करू. मागल्या ओळीत करा, हेमाच्या मागं. तिच्या कोपरावर थांबते मी. आजवर कुणाला कळलं का? एकच दिवस, सर. मग ताशाला हात लावायची न्हाई."

"नाही."

"सहा वर्षांत एक दिवस मागते."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?" माझ्या तोंडून गेलं. मग मी मान हलवून नाही म्हणून दाखवलं. मी बरोबर करतोय याबद्दल मला शंका नव्हती. आजही नाही. पण त्या पायरीवर त्या जशा उभ्या होत्या, ते बघून कुणालाही हो म्हणावंसं वाटलं असतं. मला नाही म्हणायची सवय होती म्हणून जमलं.

कागदावरचं पहिलं नाव मी खोडलं. त्यांची जागा मी त्या वर्षी रिकामी ठेवली, असं सांगितलं तर ऐकायला फार छान वाटेल. तसं काही केलं नाही. बारा म्हणजे बारा, एका पोराला घेतलं. विसर्जनाच्या दिवशी मिरवणूक चांगली झाली. लोक म्हणाले, यंदा खाण्यासारखी झाली, म्हणजे बघण्यासारखी. मैनाबाई आल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी मागून ड्युटी लावून घेतली होती, लांब हडपसरच्या बाजूला, जिथं ढोल ऐकू येत नाहीत. बसवरच्या त्यांच्या शेवटच्या काही दिवसांतली ती ड्युटी. पॅसेंजरच्या तक्रारी वाढल्या, स्टॉप मागितला तर बाई ऐकत नाहीत म्हणून. तपासणी झाली आणि त्यांना डेपोत खिडकीमागं बसवलं, कागद लावायला. घंटीची दोरी त्यांच्या हातातून गेली.

दसरा झाल्यावर एका रविवारी सकाळी त्या आमच्या घरी आल्या. पथकाचा ताशा परत द्यायला आल्या होत्या. तांब्याचं भांडं घासूनपुसून लख्ख केलेलं, काड्या रबरानं बांधलेल्या. माझ्या बायकोनं, वासंतीनं, चहा आणून ठेवला. मैनाबाई खुर्चीत अगदी टोकाला बसल्या होत्या आणि आम्ही बोललो की आमच्या ओठांकडे बघत होत्या. मुलगा बारावीला आहे म्हणाल्या. चहा संपला. वासंती आत गेली. तरी त्या उठेनात.

"सर, एक विचारायचंय. खरं सांगा. माझा डावा हात कधी तयार झालाच न्हाई का?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो. पुसता पुसता म्हणालो, "तिसऱ्या वर्षीच झाला होता."

"काय?"

"तिसऱ्या वर्षी. तयार होता."

त्या पुढं झुकल्या, हात कानामागं धरला. "जरा जोरात, सर. आन माझ्याकडं बघून."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं तरी कौतुक करत होतो आणि ते मला बोंब मारून करावं लागत होतं. मी चष्मा घातला, त्यांच्याकडे पाहिलं आणि ओरडलो, "तिसऱ्या वर्षीच तुमचा हात तयार होता, मैनाबाई! माझ्या सगळ्या रांगेत तसा हात कुणाचा नव्हता! मीच बोललो नाही!"

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई हात थांबवून बघायला लागली. वासंती ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आली.

मैनाबाईंना या वेळी सगळं कळलं. त्यांनी कानामागचा हात खाली घेतला. त्यांनी चिडावं, चार शिव्या द्याव्यात, अशी मी वाट बघत होतो. त्या चिडल्या नाहीत.

"मग तवाच सांगायचं की हो, सर," त्या म्हणाल्या. "तवा मला ऐकू येत होतं."

मग त्यांनी वासंतीला नमस्कार केला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या.